पायरीवरचं मेण

गाड्यांच्या शोरूमच्या मागे पत्र्याची एक शेड होती. नवी गाडी गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी तिथे येई, आणि तिला धुऊन, घासून, मेण लावून नवरीसारखी तयार करायचं काम ज्या माणसाकडे होतं त्याला सगळे चकचकराव म्हणत. साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणाला तरी आठवे. त्यालाही त्याचं काही वाटत नसे, कारण मळकट वस्तू समोर दिसली की आपल्या हाताला खाज सुटते हे त्याला स्वतःलाच माहीत होतं. लग्न ठरायच्या वेळी तो पहिल्यांदा मुलीच्या घरी गेला, तेव्हा मोठी माणसं इकडचं तिकडचं बोलत असताना यानं खिशातला रुमाल काढून दाराची पितळी कडी पुसायला घेतली. बोलणी संपेपर्यंत कडी सोन्यासारखी झाली होती. सासूबाई लेकीच्या कानात म्हणाल्या, "जरा येडाच दिसतो. पण कामसू आहे. हो म्हण."

म्हणजे सुरुवातीला सासूबाईंचं त्याच्याविषयी मत चांगलंच होतं, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

लग्नानंतर दोघांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. फरशी जुनी, काळपट, आधीच्या भाडेकरूंच्या तेलानं माखलेली. चकचकरावानं ती सोड्यानं धुतली, पॉलिश पेपरनं घासली आणि कामावर डब्याच्या तळाशी उरलेलं मेण साहेबांना विचारून घरी आणून तिला चोळलं. मग दर रविवारी हाच कार्यक्रम. बायको वैतागून म्हणे, "अहो, तो आरसा आता देऊन टाका कुणाला तरी. मी फरशीत बघूनच केस विंचरते." पण शेजारीण आली की तिला स्वयंपाकघरापर्यंत मुद्दाम नेऊन फरशी दाखवायची, हेही तिचंच काम. बाईमाणसाचा वैताग आणि कौतुक यांत फरक करायला नवऱ्याला जरा वेळ लागतो. चकचकरावाला तो लागला नाही.

सासूबाई अधूनमधून लेकीकडे राहायला येत. अशाच एका मुक्कामात, जावई कामावर आणि लेक बाजारात असताना, त्या स्वयंपाकघरात पडल्या. लेक परत आली तेव्हा त्या ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसलेल्या होत्या आणि त्यांना उठता येत नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

"फरशीवरून घसरले गं," एवढंच त्या म्हणाल्या.

एवढं एकच वाक्य, पण ते चकचकरावाच्या मानगुटीवर बसलं ते बसलंच. दवाखान्यात त्याचा मेहुणा धावत आला. हा बायकोचा मोठा भाऊ. नदीकाठी त्याचा बोटी बांधायचा कारखाना होता आणि तिथे सगळे त्याला मिस्त्री म्हणत. मिस्त्री कमी बोलणारा माणूस, पण बोलला की लाकडात खिळा गेल्यासारखं जायचं. जिन्याजवळ चकचकरावाला गाठून तो म्हणाला, "हौस असावी भाऊजी. पण दुसऱ्याचं हाड मोडेपर्यंत नसावी." दवाखान्यातून त्यानं आईला थेट आपल्या घरी नेलं, आणि त्यानंतर ना आई लेकीच्या घरी आली ना भाऊ. लेक एकटी जायची माहेरी. नवऱ्याला कुणी 'येऊ नका' म्हटलं नव्हतं, पण 'या'ही म्हटलं नव्हतं.

चकचकरावानं त्याच संध्याकाळी फरशीवरचं सगळं मेण ब्रशनं खरवडून काढलं. मग पायपुसणी आणली. दारात एक, मोरीपाशी एक, ओट्यापुढे एक, पलंगापाशी एक. घर कमी आणि पायपुसण्यांचं दुकान जास्त. घरात मेणाचा डबा पुन्हा आला नाही. बायकोची पितळेची भांडी काळवंडली, सायकलीला गंज चढला, आणि त्याच्या स्वतःच्या बुटांनाही त्यानं ब्रश लावला नाही. गाडीत आपलं तोंड दिसेपर्यंत हात चालवणारा माणूस घरी येताना मातकट बूट घालून यायचा. सासूबाई तेव्हापासून काठी घेऊन चालत. बायको माहेराहून परतून "आज आईचा पाय फार दुखत होता" म्हणाली की त्या दिवशी याच्या घशाखाली घास उतरत नसे. लोक म्हणत, झालं गेलं विसरून जा. सांगणाऱ्याचं काय जातं? म्हातारीचं हाड आपण मोडलं, हे त्याला मनापासून वाटत होतं, आणि तसं वाटत असताना माणूस कसा विसरणार?

अशी सात-आठ वर्षं गेली. मग एका शुक्रवारी बायको फोन खाली ठेवून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"दादाचा फोन होता. म्हणाला, तुझ्या घरातल्यांना विचार, उद्या मोकळे आहेत का."

"घरातल्यांना म्हणजे कुणाला?"

"घरात तुम्ही आणि मी आहोत. मला नाही विचारलं त्यानं."

झालं होतं असं, की मिस्त्रीनं जन्मभर दुसऱ्यांसाठी बोटी बांधल्या होत्या आणि आता पहिल्यांदा स्वतःसाठी एक बांधली होती. फायबरची, पांढरी, नदीच्या या काठाहून त्या काठाला माणसं नेणारी. रविवारी सकाळी ती पाण्यात सोडायची होती, आणि ऐन वेळी त्याचा पॉलिशवाला तापानं आडवा झाला. मिस्त्रीनं गावभर विचारून पाहिलं असणार, हे चकचकरावाला न सांगता कळलं. आपण त्याच्या यादीत शेवटचे असू. पण यादीत आहोत! त्या रात्री तो बायकोला दोनदा म्हणाला, "तू नीट ऐकलंस ना?"

शनिवारी सकाळी तो आपलं पॉलिशचं मशीन, फडकी आणि डबे घेऊन कारखान्यात गेला. बोट लाकडी घोड्यांवर उभी होती. मिस्त्रीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. बोटीकडे पाहत, वाऱ्याला सांगावं तसं तो म्हणाला, "बोट साच्यातून सुटावी म्हणून साच्याला मेण लावतात, ते बोटीला चिकटलेलं असतं. ते आधी निघालं पाहिजे. नाहीतर वर काही धरत नाही."

"बरं," चकचकरावानंही बोटीलाच सांगितलं.

दोघांचं असं बोटीमार्फत बोलणं दुपारपर्यंत चाललं. चकचकरावानं आधी साबणाच्या पाण्यानं अख्खी बोट धुतली. मग थिनरमध्ये भिजवलेलं फडकं फिरवायचं, फडकं मळलं की बदलायचं, आणि पाणी मारून बघायचं. पाण्याचे थेंब गोळा होऊन पळाले की समजायचं, मेण अजून आहे. पाणी सपाट पसरलं की निघालं. साच्याच्या जोडावर बारीक ओरखडे होते, ते त्यानं ओल्या पॉलिश पेपरनं मारले. मग कंपाउंड, म्हणजे घासून चमक काढायची पेस्ट, लावून मशीन धरलं. मशीन कुठेही थांबू द्यायचं नाही, कडेवर तर मुळीच नाही. कडेला वरचा थर पातळ असतो आणि एकदा तो जळला की बोट जन्मभर ते मिरवते. चकचकरावाचे हात सगळं आपसूक करत होते. मिस्त्री लांबून बघत होता आणि बघत नसल्याचं दाखवत होता.

जेवणानंतर मिस्त्री दोन पेले चहा घेऊन आला. एक त्यानं चकचकरावाच्या डब्याशेजारी ठेवला. "निवेल," म्हणाला. बोटीला चहा लागत नाही, म्हणजे हे वाक्य नक्की आपल्यालाच होतं, असा हिशेब करून चकचकरावानं चहा घेतला.

मग मेण. बोटांच्या टोकावरच्या फडक्यानं लहान लहान गोल काढत लावायचं, वाळून पांढुरकं होऊ द्यायचं, आणि मऊ कापडानं पुसून काढायचं. पुढून मागे सरकत, बाहेरची बाजू संपवून तो मागच्या टोकाशी आला तेव्हा उन्हं कलली होती. मिस्त्री तिथे टेकून उभा होता आणि, काय आश्चर्य, बोलत होता. आई आता कशी चिडचिडी झाली आहे, काठी कशी दर वेळी भलतीकडेच ठेवते आणि मग सगळ्यांच्या नावानं ओरडते. चकचकराव हसला. मिस्त्रीही हसला. बोलणं चाललं होतं आणि हात चालला होता. शेवटी मिस्त्रीनं बोटीच्या अंगावरून उलटा हात फिरवला आणि म्हणाला, "हं."

मिस्त्रीच्या तोंडून 'हं' म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून हारतुरे.

"उद्या सकाळी आई बसणार आहे, पहिली. तुम्ही पण या भाऊजी. दोघं या."

त्या दिवशी चकचकराव घरी चालत आला की तरंगत आला हे त्यालाच सांगता आलं नसतं.

रविवारी सकाळी तो आंघोळ करून मोरीतून बाहेर आला, ओला पाय पायपुसण्यावर ठेवला, आणि तिथेच थिजला. ओला पाय. पायपुसणं. पायरी!

बोटीच्या मागच्या टोकाला, पाण्याच्या जरा वर, आत चढायची एक पायरी होती. तिच्यावर मुद्दाम खडबडीत दाणे ठेवलेले होते, पाय धरून राहावा म्हणून. काल मिस्त्री बोलत असताना त्याचा हात त्या पायरीवरूनही गेला होता. गोल गोल, नीट, दाण्यांच्या खाचाखोचांत बोट घालून. वर पुसून चमकवलीही होती. पाय पडतो तिथे मेण लावायचं नाही, हे बोटवाल्यांना कुणी सांगत नाही; ते त्यांना माहीतच असतं. म्हणून मिस्त्रीनंही सांगितलं नव्हतं. आणि हा पडला गाडीवाला. गाडीच्या बॉनेटवर कोण पाय ठेवून चढतं? गाडीचा बोटभरही पत्रा मेणाशिवाय सोडायचा नाही, हे याच्या हाडीमासी भिनलेलं.

 त्यानं मिस्त्रीला फोन लावला, वाजत राहिला. "अगं, तू मागून ये!" असं ओरडून त्यानं थिनरची बाटली आणि फडकं उचललं, सदऱ्याची बटणं रिक्षात लावली, आणि रिक्षावाल्याला इतक्यांदा "जरा लवकर" म्हणाला की शेवटी तो म्हणाला, "साहेब, तुम्ही चालवता का?"

धक्क्यावर पोचला तेव्हा बोट पाण्यात होती. सकाळच्या उन्हात ती अशी झळकत होती की एरवी त्यानं दहा मिनिटं नुसतं बघत काढली असती. कारखान्यातली माणसं घोळका करून उभी होती. मिस्त्री बोटीत उभा राहून हात पुढे करत होता, त्याची बायको मागून आधार देत होती, आणि या दोघांच्या मधे सासूबाई एका हातात काठी घेऊन पायरीवर ठेवायला पाय उचलत होत्या.

"आई! पाय ठेवू नका!"

सगळे दचकून वळले. सासूबाईंचा पाय हवेतल्या हवेत मागे आला. चकचकराव धापा टाकत पुढे गेला.

"पायरीला मेण लावलंय मी. काल. चुकून."

मिस्त्रीनं वाकून पायरीवरून बोट फिरवलं. त्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "पुन्हा?" तो म्हणाला. एवढाच एक शब्द.

  चकचकराव धक्क्याच्या दगडांवर गुडघे टेकून ओणवा झाला आणि थिनरचं फडकं पायरीवर घासू लागला. सासूबाईंना कुणीतरी खुर्ची आणून दिली. मागून बायको पोचली, प्रकार काय तो तिच्या लगेच लक्षात आला, आणि ती भावाकडे न बघता नवऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. चकचकराव घासत होता आणि तोंडानं पुटपुटत होता, "एकदा हाड मोडलं तेवढं पुरे... एकदा केलं ते काय कमी होतं... आता नाही... आता नाही होऊ देणार..."

तो ओणवा असल्यामुळे सासूबाईंना समोर त्याच्या बुटांची मागची बाजू दिसत होती. त्या बराच वेळ तिकडेच बघत होत्या.

"यांचे बूट असे का?" त्यांनी लेकीला विचारलं. "दुसऱ्याच्या दाराची कडी पुसणारा माणूस, त्याचे बूट असे?"

"तुला काय सांगायचं आई," लेकीचा आवाज चढला. इतकी वर्षं ती गप्प होती, ती आज नव्हती. "तू पडलीस तेव्हापासून घरात पॉलिशचं नाव काढत नाहीत. फरशी खरवडली, सगळीकडे पायपुसणी टाकली. तुझा पाय दुखला म्हटलं की जेवत नाहीत. मी तर तुझं दुखणं सांगायचंच सोडून दिलंय."

सासूबाईंनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग पुन्हा या हातात. मग म्हणाल्या, "उठा हो जावई."

"झालंच आई, थोडंच राहिलंय."

"उठा म्हणते ना! मी तुमच्या फरशीवरून नाही पडले."

फडकं थांबलं.

"स्टुलावरून पडले. वरच्या फळीवर साखरेचा डबा होता. डॉक्टरांनी बंद केली होती ना साखर, म्हणून हिनं वर नेऊन ठेवला होता, माझा हात पोचू नये म्हणून. बिनसाखरेचा चहा पिऊन पिऊन माझं तोंड नासलं होतं. म्हटलं, दोघं बाहेर आहेत, एक चमचा घ्यावा. स्टुलावर चढले आणि डब्याला बोट लागायच्या आत खाली आले."

"स्टूल?" लेक म्हणाली. "मी आले तेव्हा स्टूल नव्हतंच तिथे!"

"ओट्याखाली ढकललं मी. पायानं." आणि मग, नुसतं खरं सांगून भागणार नाही, पुरं सांगितलं पाहिजे असं वाटून त्या म्हणाल्या, "चांगल्या पायानं."

घोळक्यात कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकला काढला.

"आई!" मिस्त्री बोटीतून ओरडला. "मी यांना काय काय बोललो! आणि तू मूग गिळून बसलीस?"

"तू बोलत सुटलास म्हणून तर बसले. आधी साखरेची लाज, मग खोटं बोलल्याची लाज. रोज म्हणायचे, उद्या सांगेन. उद्याचं काय, तो रोजच येतो." त्यांनी पुन्हा त्या बुटांकडे पाहिलं. "पण यांनी बूटसुद्धा पुसले नसतील, हे नव्हतं रे माहीत मला."

चकचकराव दगडांवर बसला होता. आधी त्याला नीट कळलंच नाही. मग एकेक तुकडा जागेवर बसत गेला: स्टूल, डबा, चमचाभर साखर. आपण नव्हे. आपल्या हातानं ते हाड मोडलं नव्हतं. आपला हात कधी कुणाच्या वाईटावर गेला नव्हता. छातीवर इतकी वर्षं ठेवलेलं पाट्याएवढं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं त्याला झालं, आणि तो हसू लागला. हसता हसता डोळे भरून आले, ते पुसायला त्यानं हात वर केला, तर हातात थिनरचं फडकं.

"अहो, डोळ्यांना नका लावू ते!" बायको किंचाळली आणि तिनं फडकं हिसकावून घेतलं.

"रागावलात?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"रागवायचं उद्या बघू आई," तो म्हणाला. "आज फार हलकं वाटतंय."

मिस्त्री बोटीतून धक्क्यावर उतरला, पायरी टाळून.  त्यानं बहिणीच्या हातातून फडकं घेतलं, गुडघे टेकले आणि पायरी घासू लागला. "तुम्ही बसा भाऊजी," तो खाली मान घालून म्हणाला. "हे मी करतो." साबणाचं पाणी आणवून त्यानं ब्रशनं दाणा न् दाणा धुतला. वर पाणी मारून बघितलं. थेंब पळाले नाहीत. पाणी सपाट पसरलं.

"आता चला," मिस्त्री म्हणाला आणि आईसमोर हात धरला. पण सासूबाईंनी काठी लेकीकडे दिली आणि दुसरीकडेच हात पुढे केला.

"तुम्ही धरा जावई. घट्ट धरा हं. आता खरंच घसरले तर माझ्यावर कुणी विश्वास ठेवायचं नाही."

त्यानं धरलं. पाय पायरीवर पडला, टिकला, आणि म्हातारी बोटीत जाऊन राणीसारखी बसली. त्या काठाला जाऊन येईपर्यंत तिनं मिस्त्रीला तीन चुका दाखवल्या आणि चकचकरावाला एकही नाही.

पुढच्याच आठवड्यात सासूबाई लेकीकडे राहायला यायच्या होत्या. आदल्या दिवशी चकचकराव कामावरून मेणाचा डबा घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. "फरशीला हात लावू का?" त्यानं विचारलं.

बायकोनं पायपुसणी एकेक करून उचलली आणि गुंडाळून कोपऱ्यात ठेवली. मग स्टुलावर चढून तिनं वरच्या फळीवरचा साखरेचा डबा खाली काढला आणि ओट्यावर, हाताशी येईल असा ठेवला. "लावा," ती म्हणाली.

सासूबाई आल्या. दारात चपला काढल्या, फरशीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. काठी टेकत सावकाश स्वयंपाकघरापर्यंत गेल्या. ओट्यापुढे, नेमक्या त्या जागेवर, त्या थांबल्या, खाली वाकल्या आणि फरशीत बघून कानावरची बट मागे सारली.

"बिनसाखरेचाच कर गं चहा," त्या लेकीला म्हणाल्या.

चकचकराव तेव्हा दाराशी बसून बुटांना ब्रश मारत होता.